मदत हवी आहे: ऑनलाइन कोशात जुना शब्द सापडतच नाही

रानवाट
नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या कागदांचं टंकन करतोय, एका शब्दावर अडलोय. दोन तास झाले, कोशात काहीच येत नाही. पैसे न भरता वापरता येईल असा चांगला कोश सांगा. रविवारी मजकूर पाठवायचाय, कृपया लवकर.

शब्दवेडा
शब्द कोणता? कोश कोणता बघितला? कागद कोणत्या काळातले?

अनघा_प
मराठी विश्वकोश बघा की! सगळं ऑनलाइन आणि फुकट. मुलांच्या प्रकल्पांना आम्ही तोच वापरतो.

शब्दवेडा
अनघाताई, विश्वकोशात विषयांवरच्या नोंदी असतात. त्यांना शब्दाचा अर्थ हवाय.

जुनाजाणता
इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या साइटवर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857 च्या आवृत्तीची छायाप्रत आहे. पीडीएफ उतरवून घ्या आणि पानं उलटा. शोधलेल्या शब्दाच्या शेजारचे चार शब्दही कळतात. माझी तीच सवय आहे.

मिहिर७
काका, त्यांना रविवारी काम द्यायचंय, पानं कधी उलटणार? शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही टंकित स्वरूपात आहेत. शब्द टाकला की नोंद समोर. मोल्सवर्थ इंग्रजीत अर्थ देतो, दाते-कर्वे मराठीत.

जुनाजाणता
टंकित नोंदीत चुका राहतात. मूळ पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी अर्थ लिहून घेत नाही. घाई असली तरी हे सोडू नये.

रानवाट
मिहिर, तीच साइट बघितली होती. शब्द 'नावनिशी'. दोन्ही कोश झाले, शून्य. लिपी बाळबोध आहे, साल 1894.

शब्दवेडा
हे आधी सांगायचं ना! कागदावर 'ना'वर टिंब आहे का ते बघा. आपण आज लिहितो तसं शोधलं तर जुने कोश हाती लागत नाहीत. न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, आणि हे दोन्ही कोश त्याआधीचे. त्यांत नाव 'नांव', काही 'कांहीं', करणे 'करणें'. 'नांवनिशी' टाकून बघा. तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकारही ऱ्हस्व ठेवा, म्हणजे 'कवी' नाही, 'कवि'.

रानवाट
अरे, खरंच टिंब आहे! मी टंकताना गाळलं होतं. शोधतो.

मिहिर७
आणखी एक. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. असा शब्द अडला तर आधीची दोनतीन अक्षरंच टाका आणि यादीतून निवडा.

अनघा_प
पण असे कोश फुकट ठेवणं कायदेशीर आहे का? आमच्या शाळेत मला हा प्रश्न विचारला गेला होता.

जुनाजाणता
भारतात सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. मोल्सवर्थचा कोश केव्हाच मुक्त झालाय. शाळेत निर्धास्त वापरा.

मिहिर७
काका, दाते-कर्वेंचे सात खंड 1932 ते 1938 मधले. तिथे छपाईचं नव्हे, संपादकांच्या मृत्यूचं साल बघावं लागेल.

शब्दवेडा
हक्कांवर वेगळा धागा काढा ना. रानवाट, मिळाला का?

रानवाट
मिळाला! नावांची यादी. कागदात 'नांवनिशीवार' आहे आणि खाली माणसांची नावंच आहेत, म्हणजे जुळलं. जुनाजाणते काका, तुमच्या सांगण्यावरून छायाप्रतीतलं पानही उघडून बघतोय. आता संपूर्ण मजकुरात मी गाळलेली टिंबं परत घालायला हवीत, चाळीस पानं आहेत. कागद होता तसाच उतरवायला हवा होता.