बाळाला ॲकॉन्ड्रोप्लेझिया (हाडं आखूड राहून येणारा जन्मजात बुटकेपणा) सांगितलंय, घरात ग्रहणावरनं वाद चाललाय

द्राक्षबागवाला, तासगाव
नमस्कार मंडळी. आमचं पहिलंच बाळ, मुलगा, आता ५ महिन्यांचा. सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत मांडीचं हाड लहान दिसतंय म्हणाले होते, तेव्हा आम्ही फार मनावर घेतलं नाही. जन्मला तेव्हा डोकं जरा मोठं, कपाळ पुढं, दंड-मांड्या आखूड. मिरजेत दाखवलं, एक्स-रे झाला, रक्त तपासणीला पाठवलं आणि रिपोर्टमधे ॲकॉन्ड्रोप्लेझिया आलं. डॉक्टरांनी सांगितलं सगळं, पण आमचंच डोकं बधिर झालेलं, निम्मं डोक्यावरनं गेलं. मी ५ फूट ८, बायको ५ फूट ३, दोन्हीकडं असं कुणीच नाही, मग हे आलं कुठनं? आमच्या आईचं एकच, ग्रहणात सुनेनं भाजी चिरली. बायको रोज रडतीय. आणि पाहुण्यातले एकजण म्हणतात हार्मोनची इंजेक्शनं दिली की उंची वाढते, खरं का?

चार_फूट_दोन, सातारा
दादा, मलाही हेच आहे, वय ३४, उंची नावातच लिहिलीय. ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. हाडांच्या टोकाला कूर्चा असते, तिचं हाड होत होत माणूस उंच होतो. एफजीएफआर३ नावाचं जनुक या वाढीला ब्रेक लावतं, आपल्यात तो ब्रेक दाबलेलाच राहतो, बस. १० पैकी ८ जणांचे आईबाप साध्या उंचीचेच असतात, माझेही होते. आणि हे तुमच्या आईंना नक्की सांगा, असा नवा बदल बापाच्या बीजातनं येतो. म्हणजे दोष तुमचाही नाही, पण कुणाला धरायचंच असेल तर सूनबाईंना तरी सोडा.
हार्मोन कमी नसतंच यात, त्यामुळं त्या इंजेक्शनाचा म्हणावा तसा उपयोग नाही. व्होसोरिटाइड म्हणून वेगळं औषध आहे, तो ब्रेकच सैल करणारं, अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालं. रोज टोचावं लागतं, वर्षाला दीडेक सेंटीमीटर जास्तीची वाढ मिळते. विचारा डॉक्टरांना, पण त्यासाठी शेत विकायला काढू नका.
बुद्धीला काही होत नाही. मी बँकेत आहे, काउंटरला उंच खुर्ची करून घेतलीय, स्कूटरला मागं दोन चाकं. मुलगी झाली तेव्हा मात्र जीव टांगणीला होता, आमच्यातल्या एकाला असलं तरी दर खेपेला छापा-काटा. ती साध्या उंचीची निघाली, पहिलीत आहे आणि आत्ताच माझ्या कानाला लागते.

जय_शिवराय_७७
दुधातनं अश्वगंधा द्या आणि लोंबकळायला लावा, आमच्या भाच्याची उंची ३ इंच वाढली

चार_फूट_दोन, सातारा
५ महिन्यांचं बाळ लोंबकळणार कशाला हो?

मिरजेची_ताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. उंचीचं नंतर बघू, आधी मान आणि पाठ. या बाळांच्यात कवटीच्या तळाचं भोक, जिथनं मज्जारज्जू खाली उतरतो, ते अरुंद असू शकतं. झोपेत घोरणं, मधेच श्वास थांबणं, हातपाय ढिले पडणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. डोक्याचा घेर दर वेळी मोजून घ्या. न्हाऊ घालायला बाई येत असतील तर पाय धरून उलटं टांगणं, मान हिसडणं आजपासनं बंद. झोळीही नको, मऊ कापडात पाठीला बाक येतो. उशा लावून बसवायची घाई करू नका, वॉकर तर नकोच. चालायला दीड-दोन वर्षं लागली तरी घाबरू नका. कान वरचेवर फुटतात, तेही बघत राहा.

द्राक्षबागवाला, तासगाव
ताई, झोळी आजच सोडली, बाईंना पण सांगितलं, त्या जरा रुसल्या. दुसऱ्या बाळाचं काय, परत असंच?

मिरजेची_ताई
तुम्हा दोघांना नाही ना, मग शक्यता शंभरात एकाहून कमी. तरी पुण्याला एकदा जेनेटिक काउन्सेलरना दोघं मिळून भेटा, आईंनाही न्या.

चार_फूट_दोन, सातारा
आणि दिव्यांग दाखल्याचं विचारून ठेवा. २०१६ च्या कायद्यात बुटकेपणा धरलाय. शाळेत, पुढं नोकरीत उपयोगी पडतो. मी लाजून उशिरा काढला, चुकलंच.

द्राक्षबागवाला, तासगाव
लय आभार. रात्री आईला बापाच्या बीजाचं समजावून सांगितलं. दहा मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, तुझ्या बापाकडनंच आलं असणार.