बाटलीतल्या कोळ्याचं नाव बदललं, आता माझी चिठ्ठी फेकणार का?

निवृत्त_परिचर (ठाणे)
ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. कपाटातल्या बाटल्यांत अल्कोहोल कमी झालं की भरायचं, हे माझंच काम. परवा सहज डोकावलो तर एक संशोधक मुलगी जुने कोळी तपासत बसलेली. येऊरच्या एका वुल्फ स्पायडरच्या पोटाखालून तिने सुईने टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा सोडवला, लवंगेच्या तेलात बुडवला नि मायक्रोस्कोपखाली धरला. खोलीभर दातांच्या डॉक्टरकडचा वास! अर्ध्या तासाने म्हणते, "काका, हा लायकोसा नाही, हिप्पासा आहे."

चिठ्ठी माझ्या हातची. 'लायकोसा, येऊर, ऑगस्ट १९८७.' डोळे आम्हीही मोजले होते हो : खाली चार बारीक, वर दोन मोठे, मागे दोन. मेलेल्या कोळ्याची जात बदलते कशी? आणि माझी चिठ्ठी कचऱ्यात जाणार का?

अष्टपाद
काका, डोळ्यांवरून फक्त कुल, म्हणजे मोठं घराणं, कळतं. ती मांडणी झाडून सगळ्या वुल्फ स्पायडरची. रंग तर अल्कोहोलमध्ये उडून जातो. खरी ओळख पटते ती मादीच्या पोटाखालच्या जननेंद्रियाच्या कडक पट्टीवरून. लवंगेच्या तेलाने ती पारदर्शक होते, आतल्या नळ्या दिसतात.

तुमच्या बाटलीत जात बदलली नाही, ओळख दुरुस्त झाली. अख्खी जात हलवायची तर होलोटाइप बघावा लागतो, म्हणजे ज्या एका नमुन्यावर ते नाव ठेवलं तो. त्यातच वेगळी रचना निघाली की नाव सगळीकडे हलतं. फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेयने १८०४ मध्ये लायकोसा ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली आणि पुढे लोकांनी दिसेल तो दांडगा कोळी तिच्यात कोंबला. अडगळीची खोलीच म्हणा. त्यातले कितीतरी नंतर बाहेर काढले. जात दुसऱ्या प्रजातीत गेली की जातीला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं : लायकोसा टॅरंटुला (लिनिअस, १७५८). त्या कंसात एवढी भानगड असते.

खारघरकरीण
चिठ्ठी कोण फेकतंय! नवी चिठ्ठी, ओळखणाऱ्याचं नाव नि वर्ष घालून, जुनीच्या शेजारी त्याच बाटलीत जाते. ठिकाण आणि महिना तुमच्याच चिठ्ठीवर आहे ना. पेन्सिलने लिहिली होती का? आमच्याकडे बॉलपेनने लिहिलेल्या अख्ख्या रांगेची शाई अल्कोहोलमध्ये उतरली. कोळी जागच्या जागी, कुठले ते देव जाणे.

आणि एक, तिथे जाळं होतं का?

निवृत्त_परिचर (ठाणे)
पेन्सिलच. सरांचा हुकूमच होता तसा.

जाळं होतं की! ओढ्याकाठच्या गवतात चादरीसारखं पसरलेलं, एका बाजूला नरसाळं, आणि ही बया त्याच्या तोंडाशी. काडी लावली की आत पळायची. सर म्हणाले, वुल्फ स्पायडर जाळं विणत नाही, दुसऱ्याच्या घरात शिरली असेल. म्हणून लिहिलं नाही.

अष्टपाद
काका!! बहुतेक वुल्फ स्पायडर जाळं करत नाहीत, पण हिप्पासा करतो, आणि अगदी असंच. हे त्या मुलीला सांगाच. स्वतःचं नाव आणि आजची तारीख घालून वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, ती बाटलीत टाकायला द्या.

निवृत्त_परिचर (ठाणे)
सोमवारी जातो. एचबी पेन्सिल चालेल ना?