दारात बसलेल्या नऊजणींना मैत्रिणी म्हणायचं का?

खणभागातली
परवा सांगलीत आमच्या गल्लीत घडलेलं सांगते. दहा बायकांनी मिळून फायनान्सवाल्यांकडून गटाचं कर्ज घेतलंय. त्यातल्या एकीचा नवरा हळदीच्या गोदामात हमाल. पाठ धरल्यामुळं तो घरी बसून, म्हणून तिचा हप्ता थकला. वसुलीवाला पोरगा म्हणाला, "हप्ता मिळाल्याशिवाय मी जात नाही, तुम्हीपण उठायचं नाही." मग उरलेल्या नऊजणी तिच्या दारात बसल्या, चारपासून पार दिवेलागणीपर्यंत. तिची सातवीतली पोरगी तांब्याभांडं घेऊन बाहेर येत होती आणि या बायका तिच्याच हातचं पाणी पीत होत्या. शेवटी त्या बाईनं कानातली फुलं काढली. त्या नऊजणींतलीच एक सोनाराकडं जाऊन ती गहाण ठेवून आली.

याच बायका संक्रांतीला एकमेकींना वाण लुटतात, मोबाईलच्या स्टेटसला मैत्रीच्या चारोळ्या लावतात. बायका गटात आल्या की त्यांच्यात जिव्हाळा वाढतो असं भाषणात सांगतात, ते मला थोतांड वाटतं. एकीच्या हप्त्याला दुसरी जामीन म्हटल्यावर कसली मैत्री? मैत्रीत पैसा आणूच नये. कुणाला पटत नसेल तर बोला.

कृष्णाकाठ
मला नाही पटत, ताई. जिच्याकडं द्यायला वेळही नाही आणि जागाही नाही, तिनं माया दाखवायची कशानं? माझ्या आईची बाराजणींची भिशी होती. माझी कॉलेजची फी भरायची होती त्या महिन्यात चिठ्ठी निघाली दुसऱ्याच बाईची. तिनं ती वाचली, घडी घातली, परत डब्यात टाकली आणि म्हणाली, "माझं पुढच्या महिन्यात बघू, हिचं काढा." पुढं चहा झाला, विषय संपला. मैत्रीत पैसा नको हे भरल्या पोटाचं बोलणं झालं.

जुना_मास्तर
मुळात बायकांचं बायकांशी पटतच नाही. घरोघरी बघतोय.

कृष्णाकाठ
मास्तर, बांधाच्या दाव्यात भाऊभाऊ किती वर्षं कोर्टात जातात तेही बघा की जरा.

मिरज_जंक्शन
बँकेत नोकरी केलीय म्हणून बोलतो. तुम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. बचत गटात पैसा बायकांचा आणि नियमही त्यांचेच. हप्ता उशिरा आला तर दंड घ्यायचा की महिनाभर थांबायचं, हे बैठकीत त्या ठरवतात. फायनान्सच्या गटात पैसा कंपनीचा आणि ओळख मात्र बायकांची. कर्ज विनातारण असतं, म्हणून शेजारपणालाच तारण धरतात.

बरं, कायदा त्या पोराच्या बाजूनं नाही. 1 एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. हप्ता घ्यायचा तो दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी. लागोपाठ दोनदा बाई तिथं आली नाही, तरच घरी जायचं. कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रमैत्रिणींना त्रास देणं यालाही नियमात जाचक वसुलीच म्हटलंय.

म्हसवडकरीण
गटात जिव्हाळा नसतो म्हणणाऱ्यांनी आमच्या माण तालुक्यात यावं. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण कागदावर सह्यांच्या जागी अंगठे होते. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. 1997 ला माणदेशी बँक उभी राहिली. अशा कामात एकीला अक्षर जमत नसलं की दुसरी तिच्या शेजारी पाटी घेऊन बसते. माझ्या लेखी मैत्री ती.

खणभागातली
म्हसवडचं कौतुक मलाही आहे, पण ते आमच्या गल्लीला लागू होत नाही. भिशीतल्या बाईनं चिठ्ठी परत टाकली, कारण तिला ती टाकता येत होती. आणि मिरजकर दादा, नियम चांगलाय, पण तो कागद त्या पोराच्या तोंडासमोर धरणार कोण? शिवाय नऊजणींना तिथं कुणी दोरीनं बांधलं नव्हतं.

नायगावकडची
आमच्या खंडाळा तालुक्यातली एक गोष्ट. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला होत्या. तिथून 10 ऑक्टोबर 1856 ला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात शाळेच्या कामातल्या सोबतीण फातिमाची आठवण आहे. आपण नसल्यामुळं तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं. मला त्यातली आठवण महत्त्वाची वाटते. स्वतः अंथरुणात असताना, आपलं काम आत्ता कुणाच्या अंगावर पडलंय हे डोक्यात असणं. चारोळ्यांच्या गोड बोलण्यापेक्षा ते वेगळं, हे खणभागातल्या ताईंचं मला पटतं. पण अशी मैत्री कामातूनच होते, कामापासून लांब राहून नाही.

कडूलिंब
थोरांचे दाखले पुरे. पैसा सोडा, कुंकवाचं बोला. तुमच्या गटात नवरा गेलेली बाई असेलच. तिचं कर्ज चालतं, तिची सही चालते, अध्यक्षही ती चालते. रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला मात्र तिला निरोप जात नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढलं. ठराव झाले, पण ताट तिच्यासमोर धरायचं ते मैत्रिणीनंच. आमच्या अपार्टमेंटमध्ये अजून एकीनंही धरलेलं नाही, आणि सगळ्या पदवीधर.

पूररेषा
2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही शाळेत आसऱ्याला होतो. साड्यांचे ढीग आले, परकर एकही नाही. ओल्या परकरावर कोरडी साडी नेसून बायका बसलेल्या. गटातली एक बाई वरच्या भागात दारोदार फिरली आणि फक्त परकर, ब्लाउज आणि पॅड मागून आणले. कुणाला काय लागतंय हे तिला विचारावं लागलं नाही. जिव्हाळा शोधायचा तर असल्या ठिकाणी शोधा.

वाळवा_वैरण
मी बसलेय अशी एकीच्या दारात, म्हणून त्या नऊजणींच्या वतीनं लिहिते. तिचा हप्ता बुडाला की माझं पुढचं कर्ज अडतं. माझ्या म्हशीचे पैसे त्यात होते. आमच्यातल्या दोघींनी आधीच्या महिन्यात तिचा हप्ता आपल्या पदरचा भरला होता, हे दारावरून जाणाऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या जनावरांना वैरण मीच टाकली, ती बोलत नव्हती तरी. बसलो म्हणून आम्ही वैरिणी झालो होय? पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन. लांबून मैत्री शिकवणं सोपं आहे, ताई.

खणभागातली
वैरण टाकलीत हे चांगलंच केलंत. पण त्या पोराला "आम्ही नाही बसणार" असं एकदा तरी म्हणालात का? मला तेवढंच विचारायचं होतं.

वाळवा_वैरण
एकटीनं म्हणून काय होतंय?

मिरज_जंक्शन
म्हणून एकटीनं म्हणायचंच नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याला फी नाही. चौकशीला 14448 नंबर आहे. अर्जात तारीख, वेळ आणि तो नेमकं काय म्हणाला ते लिहा. त्या बाईनं एकटीनं दिला तर थकबाकीदाराची कुरकुर म्हणून बाजूला ठेवतील. दहाजणींच्या सह्या असल्या तर वजन पडेल.

कडूलिंब
नऊजणी सही करतील?

खणभागातली
काल विचारलं. तिघी तयार आहेत. त्यातली एक तीच, सोनाराकडं गेलेली. बाकीच्यांना दिवाळीच्या आधी पुढचं कर्ज उचलायचंय, त्या "बघू" म्हणाल्या.