नर्सरीतील मुलांसाठी घरी करायचे विषयाधारित उपक्रम: काम मुलाचे की पालकांचे?

प्रश्न

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असून नर्सरीत जाते. तिच्या वर्गात दर दोन आठवड्यांसाठी एक विषय ठरलेला असतो आणि त्या विषयावर घरी करायच्या उपक्रमांची यादी पालकांना दिली जाते. सध्याचा विषय 'पाणी' आहे. कापसाचे ढग चिकटवणे, थेंबाच्या आकारात रंग भरणे, छत्रीचे चित्र कापून कागदावर लावणे अशी कामे यादीत आहेत. प्रत्यक्षात कापणे आणि चिकटवणे मलाच करावे लागते. मुलगी पाच-सात मिनिटांत उठून जाते आणि वर्गात जो नमुना पोहोचतो, तो जवळजवळ सगळा माझ्या हातचा असतो. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हा वेळ तिच्यासोबत घालवण्याची माझी खरोखर इच्छा असते.

आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे संध्याकाळचा अर्धा-पाऊण तासच हाताशी असतो. घरी तिची आजी आणि आठ वर्षांचा भाऊ आहेत. दोघांनाही यात भाग घ्यावासा वाटतो, परंतु भाऊ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्या आधीच देऊन टाकतो. अशा परिस्थितीत एखादा विषय घरी कसा हाताळावा? तिचे लक्ष लागत नसेल तर आग्रह धरावा का? विषयावरचे व्हिडिओ दाखवणे कितपत उपयोगी ठरते?

उत्तर १ (बालवाडी शिक्षिका)

आपण वर्णन केलेला अनुभव मला अनेक पालकांकडून ऐकायला मिळतो. माझ्या मते यात दोष मुलीच्या एकाग्रतेचा नसून कामाच्या निवडीचा आहे. या वयाच्या मुलाला पाण्याचे चित्र नको असते, त्याला पाणी हवे असते. कापसाचा ढग कागदावर चिकटवताना पाण्याविषयी काहीच कळत नाही. उलट वाटीतले पाणी बाटलीत ओतताना ते सांडते, बाटली भरली की वर येते, बाटलीचे तोंड लहान असेल तर हळूहळू ओतावे लागते, हे सगळे तिचे हातच तिला शिकवतात. मनगट आणि बोटे यांवर तिचा ताबा बसतो तोही याच कामातून, आणि पुढे कात्री किंवा पेन्सिल धरताना नेमका तोच लागतो.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस फक्त ओतण्याचे ठेवावेत. वेगवेगळ्या उंचीची भांडी, एक नरसाळे आणि एक स्पंज पुरेसा आहे. उंच आणि अरुंद ग्लासात ओतल्यावर पाणी 'जास्त झाले' असे ती म्हणेल. जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करताना हीच गोष्ट नोंदवली होती: भांड्याचा आकार बदलला तरी द्रवाचे प्रमाण तेवढेच राहते, ही समज बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांच्या सुमारास येते. त्यामुळे तिची चूक दुरुस्त करण्याची घाई करू नये. तेच पाणी तिला पुन्हा पहिल्या भांड्यात ओतू द्यावे आणि 'तुला काय वाटते?' एवढेच विचारावे.

त्यानंतर तरंगणे आणि बुडणे. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी अंदाज, मग कृती. चमचा, पान, बूच, किल्ली, लाकडी ठोकळा यांपैकी एकेक वस्तू तिने हातात घ्यावी, ती बुडेल की तरंगेल हे सांगावे आणि मगच पाण्यात सोडावी. प्लॅस्टिसिनचा गोळा बुडतो, पण त्याच गोळ्याची पसरट, कडा उचललेली होडी केली तर ती तरंगते. हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, ते कोणत्याही कार्यपत्रिकेतून मिळणार नाही.

एखाद्या दिवशी तिला ओला ब्रश देऊन जमिनीवर पाण्याने चित्र काढू द्यावे. चित्र वाळून नाहीसे होते. ते कुठे गेले, हा प्रश्न आठवडाभर पुरतो, कारण वाळत घातलेले कपडे, पुसलेली फरशी, धुतलेले केस अशा रोजच्या अनेक गोष्टींत तो पुन्हा भेटतो. विषय घेऊन शिकवणे म्हणजे माझ्या दृष्टीने एवढेच, की एकच प्रश्न घरातल्या वेगवेगळ्या कामांतून मुलासमोर पुन्हा पुन्हा यावा. दहा निरनिराळे उपक्रम करण्यापेक्षा एकच खेळ चार संध्याकाळी खेळलेला अधिक फळतो.

वेळेचे म्हणाल तर ती रमेल तोवर खेळू द्यावे आणि ती उठली की थांबावे. आग्रह धरू नये. मात्र एका बाबतीत अजिबात ढिलाई नको. लहान मूल अगदी काही सेंटिमीटर खोल पाण्यातही बुडू शकते, त्यामुळे खेळ चालू असेपर्यंत एक मोठी व्यक्ती हाताच्या अंतरावर असावी आणि खेळ संपताच टब रिकामा करावा.

उत्तर २ (दोन मुलांचे वडील)

मोठ्या भावाविषयी माझा अनुभव सांगतो, कारण आमच्याकडेही हीच अडचण होती. 'तू बोलू नकोस' असे सांगून काहीच साधले नाही. मोठा रुसला आणि धाकट्याचाही खेळ मोडला. मग आम्ही मोठ्याला नोंद ठेवण्याचे काम दिले. धाकट्याने सांगितलेला अंदाज तो जसाच्या तसा, त्याच्याच शब्दांत वहीत लिहितो आणि नंतर काय घडले ते शेजारी लिहितो. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, हा नियम त्याने स्वतःच केला.

आमचा विषय 'झाडे' होता, तेव्हा घेवड्याचे बी ओल्या कापसावर काचेच्या ग्लासाच्या कडेला ठेवले होते. धाकटा रोज ते उपसून पाहत असे. मी त्याला दोनदा रागावलो आणि त्याची मला आजही खंत वाटते, कारण मूळ फुटले का हे पाहण्याचीच तर ती धडपड होती. नंतर आम्ही दहा बिया लावल्या: पाच उपसून पाहण्यासाठी, पाच तशाच ठेवण्यासाठी. मोजण्याचा सरावही त्यातून झाला. त्याला दहापर्यंतचे आकडे तोंडपाठ होते, पण मोजताना एकाच बीवर दोनदा बोट ठेवायचा. प्रत्येक बी उचलून खड्ड्यात टाकताना एक वस्तू म्हणजे एक अंक, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण बिया, हे त्याला हळूहळू उमगले.

उत्तर ३ (वाचा-उपचार क्षेत्रात काम करणारी वाचक)

आजींचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले, कारण या वयात भाषेच्या दृष्टीने त्यांचा वाटा फार मोठा असू शकतो. आजींनी काही शिकवण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या लहानपणी घरात पाणी कसे येत असे, ते कशात साठवत, कोण भरत असे, हे त्यांनी आपल्या नेहमीच्या बोलीत सांगावे. ओतणे, शिंपडणे, निथळणे, झिरपणे, पाझरणे, उतू जाणे हे शब्द जवळजवळचे असले तरी प्रत्येकाची क्रिया वेगळी आहे, आणि ती डोळ्यांसमोर घडत असताना शब्द कानावर पडला की तो मुलाच्या मनात पक्का होतो.

चित्रांचे पुस्तक वाचतानाही सगळा मजकूर आपणच वाचून संपवू नये. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या पालकांनी महिनाभर पुस्तक वाचताना 'काय', 'कसे' असे मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात एखादा शब्द जोडून ते परत केले, त्यांच्या मुलांची बोलण्याची भाषा इतर मुलांपेक्षा पुढे गेलेली आढळली. मूल 'पाणी गेले' म्हणाले तर आपण 'हो, पाणी झिरपून मातीत गेले' असे म्हणावे. प्रश्न विचारल्यावर मात्र मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे. बहुतेक वेळा आपण फार लवकर उत्तर देऊन टाकतो.

व्हिडिओंविषयी: जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नसावा आणि जितका कमी तितका चांगला, शिवाय दिवसभरात किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी. तेव्हा समुद्र किंवा धबधबा यांसारखे, घरी दाखवता न येणारे काही असेल तरच दोन मिनिटांची चित्रफीत सोबत बसून पाहावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार संध्याकाळी आम्ही केवळ ओतण्याचा आणि तरंगण्या-बुडण्याचा खेळ खेळलो. काल मुलगी तब्बल पंचवीस मिनिटे बसली होती. भावाने वहीत तिचे वाक्य लिहिले आहे: 'किल्ली छोटी आहे म्हणून ती तरंगेल.' किल्ली बुडाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग स्वतःहून एक मोठे लाकडी झाकण घेऊन आली.

एक शंका उरली आहे. वर्गात चिकटकाम नेले नाही तर मुलीला इतरांपेक्षा वेगळे वाटेल का?

बालवाडी शिक्षिकेचे उत्तर

वहीचे ते पान न्यावे. सोबत शिक्षिकेसाठी दोन ओळींची चिठ्ठी द्यावी आणि किल्ली व झाकण या दोन वस्तू पिशवीत घालून पाठवाव्यात, म्हणजे काय घडले ते मुलीला वर्गात स्वतः करून दाखवता येईल. छत्रीचे चित्र द्यायचेच असेल तर ते तिने फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांचे असावे. या वयात कात्रीपेक्षा कागद फाडणे बोटांना सहज जमते, आणि कडा वेड्यावाकड्या आल्या तरी त्या तशाच राहू द्याव्यात.