जुन्या डेस्कटॉपचा माऊस बिघडला: गोल पिनचाच आणायचा, यूएसबी लावायचा, की आतला स्विच बदलायचा?

हळदपेठ
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आणि गुळाच्या पेढ्यांवर विंडोज एक्सपी असलेली पेंटियम फोरची (वीसेक वर्षं जुनी) मशीनं अजून रोज चालतात. बिलिंगचा डॉस (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांवर चालणारी प्रणाली) प्रोग्रॅम, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. माऊस एका क्लिकला दोन क्लिक द्यायला लागला की हातात यूएसबी माऊस ठेवला जातो आणि विषय संपतो. मला हे पटत नाही. मागचं हिरवं गोल पोर्ट चांगलं असेल तर गोल पिनचाच, म्हणजे पीएस-टू माऊस घ्यावा.

पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो म्हणून अनेक पेढ्यांवर बायोसमधूनच (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधूनच) सगळं यूएसबी बंद केलेलं असतं. तिथं यूएसबी माऊसचा लाल दिवासुद्धा कदाचित लागेल, पण बाण हलणार नाही. काही मशीनं थेट डॉसमध्ये सुरू होतात, तिथं यूएसबीचा भरवसा बायोसवर. शिवाय मागची यूएसबी पोर्टं मोजकी, त्यातलं एखादं हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या लॉकनं (ते चालायला लावून ठेवावा लागणाऱ्या यूएसबी तुकड्यानं) अडवलेलं असतं.

बदलताना मशीन पूर्ण बंद करा आणि पॉवरची वायर भिंतीतून काढा. बऱ्याच मदरबोर्डवर मशीन बंद असतानाही त्या पोर्टला ५ व्होल्ट चालू असतात. प्लग सरळ ओढा, फिरवू नका. नवा घालताना आतला चौकोनी प्लॅस्टिकचा खुंट जुळवून मगच दाबा. जांभळं पोर्ट कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. चालू मशीनमध्ये गोल पिन घातली तर विंडोज ती बहुधा ओळखत नाही, रिस्टार्ट करावंच लागतं.

मिरज_हार्डवेअर
हळदपेठ साहेब, तुमची पद्धत बरोबर आहे, आग्रह मात्र चुकीचा. १९८७ साली आयबीएमच्या मशीनांबरोबर आलेलं ते पोर्ट. आज नवा चांगला गोल पिनचा माऊस शोधायला बसलात तर मिळतो तो बहुतेक जुना पडून राहिलेला माल. केबलचं रबर कडक झालेलं, स्विच गंजलेला. आणलेला माऊस सहा महिन्यांत पुन्हा तेच करणार.

यूएसबी बंद आहे म्हणता, तर चालू करा की. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’मध्ये यूएसबी कंट्रोलर आणि यूएसबी माऊस सपोर्ट ‘एनेबल्ड’ करा, एफ १० ने सेव्ह करा. पेन ड्राइव्हची भीती असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) ‘यूएसबीस्टॉर’ या सर्व्हिसच्या ‘स्टार्ट’ची किंमत ३ ची ४ करा. पेन ड्राइव्ह बंद, माऊस चालू. दरवाजाला कुलूप लावता येत असताना भिंत कशाला बांधायची?

डॉसचंही सरसकट खरं नाही. प्रोग्रॅम एक्सपीच्या आत चालत असेल तर त्याला माऊस विंडोजच पुरवतं, मग तो कुठल्याही पोर्टचा असो. अडचण फक्त थेट डॉसमध्ये सुरू होणाऱ्या मशीनची.

आणि यूएसबी माऊस मागच्या पोर्टलाच लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर जुन्या कॅबिनेटमध्ये सैल असते, माऊसचा संपर्क मध्येच तुटतो आणि दोष माऊसला जातो.

हळदपेठ
रजिस्ट्रीचं मान्य, तो उपाय माझ्यापेक्षा नेमका आहे. पण पेढीवरच्या दिवाणजींनी रजिस्ट्री उघडावी हे मला नको वाटतं. चुकीची ओळ बदलली तर मशीन सुरूच होणार नाही.

सोल्डर_विश्रामबाग
दोघंही माऊस फेकायला निघालात. एका क्लिकचे दोन होणं हा अख्ख्या माऊसचा दोष नाहीच. डाव्या बटणाखाली तीन पायांचा मायक्रोस्विच असतो, त्यातली तांब्याची पातळ पट्टी थकते आणि टोकावर काळा थर चढतो. दाबल्यावर संपर्क क्षणभर तुटतो, पुन्हा जुळतो, चिप त्याला दोन क्लिक समजते. फाइल ओढताना मध्येच सुटून पडते तेही यामुळेच.

उजव्या बटणाखाली बहुतेक माऊसमध्ये तसाच स्विच असतो आणि तो निम्मासुद्धा वापरलेला नसतो. दोघांची अदलाबदल करा, खर्च शून्य. नवा घालायचा तर त्याच मापाचा, ओमरॉनचा किंवा दुसरा कुठला, चहा-नाश्त्याच्या पैशात येतो.

स्क्रू खालच्या टेफ्लॉनच्या पायांखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. पाय हेअर ड्रायरनं हलकं गरम करून उचला, म्हणजे गोंद टिकतो. उघडल्याबरोबर फोटो काढा. स्विचवरचं छोटं बटण एका टोकाकडे असतं, स्विच उलटा बसला तर ते कवचाच्या दांडीखाली येतच नाही. २५ वॅटची सोल्डर गन, डिसोल्डर पंप, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट). जुनं शिसं ओढलं जात नसेल तर आधी त्यावर ताजं शिसं लावा, मग पंप मारा. एका पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका.

मिरज_हार्डवेअर
ते तीन-चार सेकंदच नवशिक्याला जमत नाहीत. स्वस्त माऊसच्या एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डवर जरा जास्त उष्णता लागली की तांब्याची कडी उचलून येते. माऊस जुना आणि चांगल्या बनावटीचा असेल तर दुरुस्ती जरूर करावी. तीनशेच्या माऊसवर तासभर घालवणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ
भांडणाआधी तपासणी तरी करा. दोष माऊसचाच आहे हे कुणी ठरवलं?

कंट्रोल पॅनलमध्ये माऊसच्या सेटिंगला डबल क्लिक तपासायचं एक फोल्डर असतं. एकेक क्लिक सावकाश द्या. एका क्लिकला ते उघडलं तर स्विच गेला. तिथं ठीक आणि बाहेर मात्र सगळं एका क्लिकला उघडतंय, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘सिंगल क्लिक’ निवडलं गेलंय, माऊसला हात लावू नका.

बाण अडकत असेल तर माऊसच्या मानेपाशी केबल हळू वाकवून बघा. हलवल्यावर चालू-बंद झाला तर आतली तार तुटली आहे. बॉलचा माऊस असेल तर आतल्या रोलरवरचा काळा पट्टा नखानं खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. यार्डातली हळदीची बारीक भुकटी हाताच्या तेलकटपणात मिसळून तिथंच बसते. ऑप्टिकल, म्हणजे खाली दिवा असलेल्या माऊसमध्ये तीच भुकटी खालच्या भिंगावर असते, कोरडी कानकाडी पुरते. काचेच्या टेबलावर ऑप्टिकल माऊस भरकटणारच, खाली कागद घाला.

कीबोर्ड आणि माऊस दोन्ही गोल पिनचे आणि एकदम बंद पडले, तर नवा माऊस आणूच नका. त्या दोन पोर्टना बऱ्याच मदरबोर्डवर ५ व्होल्ट एकाच फ्यूजमधून मिळतात, आधी तो तपासा. २०१९ च्या पुरातून वाचवलेल्या मशीनवर पोर्टच्या आतल्या संपर्कांना हिरवट थर असतो, तो काढल्याशिवाय माऊसवर निर्णय देऊ नका. माऊसच्या प्लगची पिन वाकली असेल तर शिसं काढलेल्या पेन्सिलच्या पोकळ टोकानं सरळ होते.

हळदपेठ
फ्यूजचा मुद्दा मी सांगायला हवा होता. चालू मशीनमध्ये गोल पिन काढ-घाल करू नये त्याचंही हे एक कारण.

ताकारी_नेट
घरात यूएसबी माऊस पडून आहे. हिरवं कन्व्हर्टर लावून गोल पोर्टात चालेल का? तो तर स्वस्तात मिळतो.

मिरज_हार्डवेअर
बहुधा नाही. त्या हिरव्या तुकड्यात चिप नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात. माऊसच्या आतल्या चिपला यूएसबी आणि पीएस-टू दोन्ही भाषा येत असतील तरच चालतो. माऊसबरोबर डब्यातच तसा तुकडा आला असेल तर त्याला त्या येतात, आताच्या बहुतेक माऊसना फक्त यूएसबी कळतं. उलट, गोल पिनचा माऊस यूएसबी पोर्टात चालवायचा तर चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, साधा नाही.

सोल्डर_विश्रामबाग
माऊस पूर्ण बंद असेल आणि मधलं काम अडलं असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा. येईल त्या प्रश्नाला एंटर द्या. मग उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो, ५ ने क्लिक, अधिकच्या चिन्हानं डबल क्लिक.

हळदपेठ
माझं मत थोडं बदलतो. एक्सपीचं मशीन, बायोस उघडणारा माणूस हाताशी, तर यूएसबी लावा, मागच्या पोर्टला. थेट डॉसमध्ये सुरू होणाऱ्या मशीनला मात्र मी गोल पिनचाच माऊस सुचवणार, आणि विकत घेताना दुकानातच केबल वाकवून आणि डावं बटण पन्नास वेळा दाबून बघा. जुना टाकू नका, सोल्डर भाऊंना त्यातला उजवा स्विच लागेल.