वस्तू उलटून बघा

विषय: मुखपृष्ठासाठी चित्रकार हवा, आणि थोडी तक्रार
अनघा, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

यंदाच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ आजच्या एखाद्या चित्रकाराकडून करून घ्यायचं आणि आत हस्तकलेवर आठ पानं द्यायची, असं समितीत ठरलं. हे घोंगडं माझ्या गळ्यात पडून तीन आठवडे झाले. रोज निजायच्या आधी तासभर फोनवर चित्रं आणि वस्तू बघते, आवडलं की साठवते. काल मोजली तर दोनशे सोळा निघाली. सगळी एकदम पडद्यावर मांडली आणि धसकाच घेतला. एकाच माणसानं एका दुपारी काढल्यासारखी! तोच मातकट गुलाबी, तेच मिटलेले डोळे, त्याच मोठ्या पानांच्या कुंड्या, तेच ठिपक्याठिपक्यांचे कप. त्यातून जेमतेम तीसेक चित्रांखाली कुणाचं नाव.

तुम्ही चांगलं काम बघायला कुठे जाता? नुसते दुवे पाठवलेत तरी चालेल. मात्र "भरपूर आहे इंटरनेटवर" असं कुणी लिहू नका. भरपूर आहे हाच त्रास आहे.

अनघा

---

पुन: विषय तोच
निखिल, मंगळवार सकाळी

अनघाताई,

दोनशे सोळा चित्रं तू निवडलीस असं तुला वाटतंय. पहिली पाच निवडलीस, बाकीची तुला वाढली गेली. एका चित्रावर जरा रेंगाळलीस की तसलीच दहा पुढे येतात, त्यातल्या एकावर थांबलीस की आणखी दहा.

माझे उपाय दोन. पहिला, माणसांनी बसून, भांडून निवडलेलं बघ. बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात 1967 पासून चित्रकारांचं प्रदर्शन भरतं, त्यात नवखेही असतात आणि दरवर्षी त्याचं पुस्तक निघतं. हस्तकलेत लोएवे फाउंडेशनचं पारितोषिक बघ, 2017 पासून देतात. विजेत्यावर थांबू नकोस, अंतिम फेरीतले सगळे बघ, खरा खजिना तिथे असतो. पहिल्या वर्षी एर्न्स्ट गाम्पर्ल या जर्मन खरादकाराला (फिरत्या यंत्रावर लाकूड घडवणाऱ्याला) मिळालं, उन्मळून पडलेल्या जुन्या ओक वृक्षाच्या लाकडातून घडवलेल्या भांड्यासाठी. 2022 मध्ये कोरियाच्या जोंग दाहे हिला, घोड्याच्या केसांनी विणलेल्या करंडीसाठी. हो, घोड्याचे केस. तिकडच्या जुन्या टोप्यांची वीण तिनं उचलली. करंडी इतकी झिरझिरीत की सावली आधी दिसते आणि वस्तू नंतर. हे तुझ्या फोननं जन्मात दाखवलं नसतं, कारण याच्यासारखं तू आधी काही बघितलेलंच नाहीस.

दुसरा उपाय, 'सुंदर', 'प्रेरणादायी' असले शब्द टाकून शोधू नकोस. कृतीचं नाव टाक. लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेलं), रिसोग्राफ, मिठाचं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप), ओल्या लाकडाचा चमचा. विशेषणानं शोधलं की दुकानं सापडतात, क्रियापदानं शोधलं की माणसं.

निखिल

---

पुन: विषय तोच, आणि एक भिंग
शरदकाका, मंगळवार दुपारी

चि. अनघा, अनेक आशीर्वाद.

निखिलचं बरोबर आहे, पण तो पडद्यावरचा माणूस. मी छापखान्यातला. आधी खिळे जुळवले, मग ऑफसेटवर आलो, चाळीस वर्षं गेली. माझा सल्ला एवढाच की दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घे आणि घरात छापलेलं जे काही आहे त्यावर फिरव.

नेहमीच्या चाररंगी छपाईत तुला निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतील, एकमेकांभोवती फुलासारखे मांडलेले. घरच्या प्रिंटरवर बारीक तुषार दिसतील. स्क्रीन प्रिंटमध्ये (जाळीतून शाई दाबून छापतात ती) ठसठशीत रंगाला ठिपका नसतो. रंग सलग, कागदावर साय धरल्यासारखा, बोट फिरवलं तर कड लागते. लिनोकटमध्ये दाबामुळे शाई कडेला सरकते, म्हणून आकाराच्या काठावर गडद रेघ दिसते. असा कागद पालथा करून उजेडात तिरका धर, कधी कधी मागे उठाव दिसतो.

आता ती रिसो, म्हणजे निखिलनं लिहिलेलं रिसोग्राफ हे छपाईचं यंत्र. आजकालची चित्रकार पोरं तिच्यामागे वेडी आहेत. रिसो कागाकु ही जपानी कंपनी 1946 ची, आणि यंत्र मुळात शाळा-कचेऱ्यांच्या पत्रकांसाठी. पातळ मास्टरवर, म्हणजे स्टेन्सिलवर, उष्णतेनं बारीक भोकं पडतात, तो ड्रमवर चढतो, आतून शाई पाझरते. एका ड्रमला एक रंग. दुसरा रंग हवा तर दुसरा ड्रम, आणि बहुतेक यंत्रांत कागद पुन्हा आत घालायचा. दुसऱ्या फेरीला कागद केसभर सरकतोच. आमच्या वेळी रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाची जुळणी, असं हललं की मालक तो अख्खा गठ्ठा रद्दीत घालायला लावत आणि वर बोलणी खावी लागत. आता त्याच हललेल्या कडेला लोक "किती गोड" म्हणतात! असो. गंमत अशी की शाई पारदर्शक असल्यानं पिवळ्यावर निळा पडला की हिरवा फुकट मिळतो. ज्याला हे कळतं तो दोन रंगांत चार रंगांचं काम काढतो. अशी माणसं शोध.

हातानं छापलेलं पुस्तक म्हणजे काय ते बघायचं असेल तर तारा बुक्स या प्रकाशनाचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' मिळव. 2006 चं आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या तीन गोंड चित्रकारांची झाडं, काळ्या हातकागदावर स्क्रीन प्रिंट केलेली आणि हातानंच बांधलेली. पान उघडलं की आधी शाईचा वास येतो. मी चष्मा काढून नाक लावून वाचलं.

काका

---

पुन: विषय तोच
अनघा, मंगळवार रात्री

काका, तुमच्या भिंगानं माझं वाटोळं केलं.

मागच्या वर्षी एका संकेतस्थळावरून "हातानं छापलेलं, मर्यादित प्रती" असं पक्ष्याचं चित्र मागवलं होतं. खाली पेन्सिलीनं 14/50 लिहिलंय, बैठकीत मोठ्या दिमाखात लावलंय. आत्ता खुर्चीवर चढून भिंग लावलं. पक्ष्याच्या पोटात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, अगदी फुलासारखे. भरीस भर म्हणजे पेन्सिलीच्या आकड्यावर भिंग नेलं तर तोही ठिपक्यांचाच! म्हणजे 14 सुद्धा छापलेला. पन्नासही जणांकडे चौदावीच प्रत असणार.

नवरा म्हणाला, "चित्र तेच आहे ना? कालपर्यंत आवडत होतं." याला काय उत्तर द्यावं?

---

पुन: चौदावी प्रत
मेधाताई, बुधवार पहाटे

अनघा,

नवऱ्याला सांग, चित्र तेच आहे, फक्त सांगितलेली गोष्ट खोटी निघाली. चाररंगी छपाईत काही कमीपणा नाही. पेन्सिलीचं नाटक करण्यात आहे.

मी मातीतली, म्हणून कपाबद्दल लिहिते. मी पुढून कप बघत नाही. हातात आला की आधी उलटा करते. पाहुणे असले तरी. (एकदा आत अर्धी कॉफी होती. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

चाकावरून काढताना भांडं तारेनं कापतात. चाक फिरतं असेल तर तळाला शिंपल्यासारख्या गोल रेषा उमटतात. पुष्कळ जण नंतर भांडं पालथं घालून पाय तासतात, मग बुडाशी एक कडी राहते. त्या कडीवर ग्लेझ नसतं, कारण स्टोनवेअरच्या (कडक भाजलेल्या भांड्यांच्या) भट्टीत बाराशे-तेराशे अंश सेल्सियसला ग्लेझ काचेसारखं वितळतं आणि भांडं फळीला कायमचं चिकटतं. म्हणून तिथे उघडी माती दिसते. तो एकच भाग असा जिथे कुंभार काही लपवू शकत नाही. मातीचा खरा रंग, कण, घाई केली असेल तर घाई, सगळं तिथे.

मग बोट आतून फिरव. हातानं उचललेल्या भिंतीला आत वळ्या लागतात. साच्यात ओतलेला असेल तर आत गुळगुळीत, आणि बाहेर कुठेतरी साच्याच्या जोडाची पुसट शिवण सापडते, बहुधा कानाच्या रेषेत. कान ओढलेला असेल तर वर जाड आणि खाली निमुळता होत जातो, आणि खालच्या जोडापाशी कधी कधी अंगठ्याचा खळगा असतो. माझ्याकडच्या एका कपावर तो खळगा माझ्या अंगठ्यापेक्षा लहान आहे. करणारीचा हात केवढा असेल ते रोज सकाळी कळतं.

आता तुझा खरा प्रश्न, चांगलं काम सापडतं कसं. त्या बुडावर बहुतेकदा एक शिक्का असतो. मी तो शिक्का धरून करणारीपर्यंत पोचले. तिला विचारलं, तुझी माती कोण देतं, तू शिकलीस कुणाकडे, तुझ्या घरात कुणाची भांडी आहेत? शेवटचा प्रश्न कधी चुकवू नकोस. कुंभाराच्या स्वतःच्या फडताळात दुसऱ्या कुंभारांची भांडी असतात, आणि ती त्यानं पारखून घेतलेली असतात. तिनं तीन नावं दिली. त्यातली दोघं पडद्यावर कुठेच नाहीत, एकाला फोन उचलायचाही कंटाळा आहे. मला गेल्या सहा वर्षांत जे काही आवडलं ते असंच सापडलं, एका बुडावरून दुसऱ्या बुडावर.

तू नावांची तक्रार केलीस म्हणून एक सांगते. 1925 च्या सुमारास जपानमध्ये यानागी सोएत्सु हे विचारवंत आणि हामादा शोजी, कावाई कान्जिरो हे कुंभार यांनी 'मिंगेई' हा शब्द घडवला, लोकांची कला अशा अर्थानं. यानागींचं म्हणणं, अनामिक कारागिरानं रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत जे सौंदर्य असतं ते सही करणाऱ्या कलावंताला सहसा साधत नाही. 1936 मध्ये टोक्योत त्यांनी अशा वस्तूंचं संग्रहालयच काढलं. हामादांनी तर माशिको या कुंभारांच्या गावी स्थिरावल्यावर भांड्यांवर सही करणंच सोडलं. पण मौज बघ, सही नसलेलं त्यांचं भांडं लोक लांबून ओळखत. मला यानागी पटतात, पण अर्धेच. अनामिक राहणं करणाऱ्यानं निवडलं तर ते मोठेपण, दुसऱ्यानं त्याचं नाव कापलं तर ती चोरी. आपल्या आठ पानांत प्रत्येक वस्तूखाली नाव हवंच, माझा हट्ट समज.

मेधा

---

पुन: चौदावी प्रत
निखिल, बुधवार दुपारी

मेधाताई, कपाचं वाचून मी ऑफिसातला कप उलटा केला. शिवण सापडली. तरीही कप चांगला आहे, आणि हेच मला म्हणायचंय.

हातानं केलं म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नका. हातानं केलेले भयंकर कपही मी बघितलेत, ओठाला लावताना हनुवटीवरून ओघळणारे. आणि नाओतो फुकासावा या जपानी डिझायनरनं मुजी या जपानी कंपनीसाठी केलेला सीडी प्लेयर आठवा. भिंतीवर टांगलेला पांढरा चौकोन, खाली दोरी. दोरी ओढली की तबकडी फिरायला लागते, भिंतीवरच्या पंख्यासारखी. कुणी शिकवायला नको, हात आपोआप दोरीकडे जातो. 2006 मध्ये त्यांनी आणि जॅस्पर मॉरिसन या ब्रिटिश डिझायनरनं 'सुपर नॉर्मल' नावाचं प्रदर्शन केलं. सगळ्या साध्या वस्तू, आपण बघायचंच सोडून दिलेल्या.

चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारतातल्या डिझाइनवरच्या 1958 च्या अहवालात आपल्या लोट्याबद्दल जे प्रश्न मांडले तेही यातलेच. भरलेला आणि रिकामा असताना तोल कुठे जातो, ओतताना पाणी कसं पडतं, डोळे मिटून हाताला कसा लागतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो. हे प्रश्न हातच्या कपालाही लागू, कारखान्यातल्याही. आठ पानांत दोन पानं कारखान्याच्या वस्तूंना द्या. नाहीतर मी संपादकांना पत्र लिहीन.

---

पुन: पुन: सापडलं
अनघा, रविवार रात्री

निखिल, दोन नाही, दीड पान. हनुवटीवरून ओघळणाऱ्या कपाचं तूच लिहायचं.

आता ऐका. दोनशे सोळा चित्रं पुसली. मग कपाटात एक चोवीस पानी पुस्तिका होती, कुणीतरी भेट दिलेली, पक्ष्यांच्या घरट्यांची. ती आवडायची पण चित्रकाराचं नाव कधी बघितलं नव्हतं. मेधाताईंचं ऐकून उलटी केली. मलपृष्ठाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापणाऱ्यांचं नाव, शाईचे दोन रंग आणि प्रतींची संख्या. भिंग लावलं. गर्द निळा आणि पिवळा, आणि जिथे एकमेकांवर चढलेत तिथे हिरवं गवत. एका घरट्याच्या कडेला निळा केसभर बाहेर गेलाय. काका, तुमच्या मालकानं गठ्ठा रद्दीत घातला असता.

छापणाऱ्यांनाच लिहिलं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी रंगावर रंग चढवणं कुणाला चांगलं जमतं? त्यांनी चार नावं धाडली. त्यातली एक ती घरट्यांवालीच. दुसरीचं काम बघून मी रात्री साडेबारापर्यंत जागी. तिनं नुसत्या खिडक्या काढल्यात, प्रत्येक खिडकीत एक वाळत घातलेला कपडा, आणि कपड्यावरून आत कोण राहतं ते कळतं. मिटलेले डोळे नाहीत, कुंडी एकच, तीही वाळलेली. माझ्या साठवणीत हिचं एकही चित्र आलं नव्हतं.

तिला मुखपृष्ठाचं विचारलं. मला वाटलं विषय विचारेल. तिनं उलट तीन प्रश्न पाठवलेत: कागद कुठला, छापणार कोण, आणि दोन रंगांत चालेल का?

कागद आणि छपाई काकांवर सोपवते. दोन रंगांचं काय सांगू?

अनघा

---

पुन: पुन: सापडलं
शरदकाका, सोमवार सकाळी

चालेल म्हणून सांग. कागद बिनचकाकीचा, रिसोची शाई चकचकीत कागदावर वाळत नाही, हाताला लागते. आणि कुठला रंग आधी छापायचा ते तिलाच विचार.