कळलावीचा कंद उगवेना

गावाकडून, कोकणातून, कुंपणातल्या कळलावीच्या वेलीचा कंद जानेवारीत खणून आणला. इथे पुण्यात कुंडीत लावून रोज पाणी घालतेय. जून सरत आला, कोंब नाही. काय चुकलं?

प्रतिसाद १
ताई, रोजचं पाणीच नडलं असणार. पावसाळ्यानंतर वेल वाळते, कंद झोपतो. तेव्हा माती कोरडीच हवी. हलक्या हाताने उकरून बघा. कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून तर संस्कृतात लांगली म्हणतात. कोंब फक्त टोकाला फुटतो, ते अजिबात मोडू देऊ नका. मी गेल्या वर्षी दोन फाटे वेगळे करून, कापाला राख लावून आडवे पुरले. दोन्ही रुजले.

प्रतिसाद २
कंद जहरी आहे. लहान मुलं, मांजरं दूर ठेवा, हात धुवा.

प्रश्नकर्ती
उकरलं. एक फाटा मऊ पडलाय. दुसरा टणक, टोकाला पांढरा ठिपका दिसतोय!